हरित पैसा आणि कर्बवायू
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय पैशाचा आहे आणि धुराचाही आहे. वरवर पाहता या दोहोंचा संबंध काय, अशी शंका येणे साहजिक आहे. धुराचा विचार शास्त्रज्ञाने करावा आणि पैशाचा विचार पेढीवाल्याने, अशी आपली जुनी वाटणी. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही वाटणी मोडली आहे. कारखान्याच्या धुराड्यातून पुढील वीस वर्षे काय बाहेर पडणार, याचा निर्णय आज पुष्कळदा कर्ज देणाऱ्याच्या मेजावर होतो. तो कसा होतो आणि त्याचा खरा परिणाम किती, हे आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करतो. दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जळताना जो अदृश्य वायू हवेत मिसळतो त्यास रसायनशास्त्रात कार्बन डायऑक्साइड म्हणतात. बोलण्याच्या सोयीसाठी मी त्यास कर्बवायू म्हणेन. हा वायू उष्णता अडवून धरतो, हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगाने दाखविले. हवाई बेटांतील मौना लोआ येथे १९५८ साली त्याची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता; २०२४ सालची सरासरी ४२० च्या वर गेली आहे. दुसरा शब्द 'हरित पैसा'. जे कर्ज, जे रोखे, जे अनुदान किंवा जी करसवलत प्रदूषण कमी करणाऱ्या कामासाठीच राखून ठेवलेली असते, तिला हे नाव आहे. पैशाला स्वतःचा रंग नसतो. त्याला हिरवा म्हणायचे ते केवळ त्याच्यावर घातलेल्या अटीमुळे. हा 'अट' शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण माझे सारे विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

मी दिघीस राहतो. आळंदीच्या वाटेवरचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका बाजूस भोसरीची औद्योगिक वसाहत, उत्तरेस मोशी आणि त्यापलीकडे चाकण, असा आमचा शेजार आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढील साठ वर्षांत ज्वारी-बाजरीच्या या माळावर मोटारींचे, स्कूटरांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे एक मोठे नगर वसले. येथील घराघरांत चूल पेटते ती कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या जोरावर. तेव्हा धूर नको म्हणून यंत्र बंद करा, असे सांगणाऱ्यास आमच्याकडे कोणी पाट मांडणार नाही. प्रश्न असा आहे की, यंत्र चालू राहावे, पगार मिळत राहावा, आणि तरीही कर्बवायू कमी व्हावा, हे साधेल कसे?

येथे पैसा पुढे येतो. कोळशाची वीज आणि सूर्याची वीज यांत एक मूलभूत भेद आहे. कोळशाच्या केंद्राचा खर्च दोन भागांत होतो: थोडा आरंभी यंत्रांवर, आणि उरलेला रोजच्या कोळशावर, वर्षानुवर्षे. सूर्याच्या विजेचे तसे नाही. सूर्य आपले बिल पाठवीत नाही. पण पत्रे, तारा, रोहित्र या सर्वांचा खर्च पहिल्याच दिवशी द्यावा लागतो. म्हणजे सौर वीज घेणारा मनुष्य पंचवीस वर्षांची वीज एकरकमी विकत घेत असतो, आणि ती रक्कम बहुधा उसनी असते. म्हणून तिच्यावरचे व्याज हाच त्या विजेचा खरा भाव ठरतो.

हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका कारखानदाराने एक कोटी रुपये कर्ज काढून छपरावर सौर संच बसविला, आणि त्यातून त्याला वर्षाकाठी तीन लाख युनिट वीज मिळते. कर्ज पंचवीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे आहे. व्याज शेकडा ७ असेल तर वार्षिक हप्ता सुमारे ८ लाख ५८ हजार रुपये बसेल, आणि दर युनिट २ रुपये ८६ पैशांस पडेल. तेच व्याज शेकडा १२ झाले तर हप्ता १२ लाख ७५ हजारांवर जाईल, आणि युनिट सव्वाचार रुपयांस पडेल. सूर्य तोच, छप्पर तेच, संचही तोच. केवळ व्याजाच्या पाच टक्क्यांनी वीज दीडपट महाग झाली. धनाढ्य देशांत भांडवल स्वस्त आहे, आपल्याकडे ते महाग आहे. म्हणूनच जेथे ऊन अधिक, तेथे सौर वीज आपोआप स्वस्त होते असे नाही. विकसनशील देशाच्या दृष्टीने हरित पैशाचे महत्त्व आहे ते मुख्यतः येथे. व्याज उतरले की स्वच्छ यंत्र परवडू लागते, आणि परवडू लागले की उपदेशाची गरज उरत नाही.

आता या पैशाचा थोडा इतिहास. २००७ साली युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने आणि २००८ साली जागतिक बँकेने पर्यावरणाच्या कामासाठी म्हणून स्वतंत्र रोखे विकले. तेथून ही प्रथा सुरू झाली. आपल्या देशात २०१५ साली येस बँकेने १,००० कोटी रुपयांचे पहिले हरित रोखे काढले. २०२३ सालच्या जानेवारी व फेब्रुवारीत केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेमार्फत १६,००० कोटींचे हरित रोखे विकले. नगरसंस्थांपैकी गाझियाबादने २०२१ साली सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांस पुरविण्यासाठी १५० कोटी उभे केले. इंदूरने २०२३ साली २४४ कोटी उभे केले, ते नर्मदेचे पाणी शहरात चढविणाऱ्या पंपांसाठी सौर वीज निर्माण करण्याकरिता.

आणि २०२५ सालच्या जून महिन्यात आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०० कोटींचे हरित रोखे मुंबईच्या शेअरबाजारात नोंदविले. महाराष्ट्रातील नगरसंस्थेचे हे पहिलेच हरित रोखे. व्याजाचा दर शेकडा ७.८५ ठरला, आणि अपेक्षिलेल्या रकमेच्या पाचपटींहून अधिक मागणी आली. हा पैसा निगडी-प्राधिकरण भागातील 'हरित सेतू' योजनेसाठी, म्हणजे पादचारी व सायकलस्वार यांच्या सलग मार्गांसाठी, आणि टेल्को रस्त्याच्या पुनर्रचनेसाठी आहे.

आपल्या गावाची पत एवढी वाढलेली पाहून कोणासही अभिमान वाटेल. तथापि अभिमान बाजूस ठेवून दोन प्रश्न विचारणे अवश्य आहे. पहिला प्रश्न, 'हरित' या नावामुळे पैसा खरोखर स्वस्त मिळाला काय? याच महापालिकेने २०२३ साली साधे रोखे काढले तेव्हा व्याज शेकडा ८.१५ होते. म्हणजे ०.३० टक्क्यांची घट झाली. परंतु त्या दोन वर्षांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दरही ६.५० वरून ५.५० वर आला होता, आणि सर्वत्रच कर्जे स्वस्त होत होती. तेव्हा ही घट हिरव्या रंगाची कमाई म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या पहिल्या हरित रोख्यांनाही साध्या रोख्यांपेक्षा केवळ पाच-सहा शतांश टक्क्यांची सवलत मिळाली, आणि पुढे २०२४ साली तर पुरेशी चांगली बोली न आल्याने हरित रोख्यांची विक्री सोडून देण्याची वेळही आली. सावकार पर्यावरणासाठी आपले व्याज सोडतो, हा समज सोडलेला बरा.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या पैशाने कर्बवायू किती घटणार? पदपथाने स्वतः एक तोळाही कर्बवायू घटत नाही. उलट त्याच्या सिमेंटात थोडा खर्चच होतो. तो घटतो केव्हा, तर एखादा गृहस्थ दोन किलोमीटरवरच्या कामाला स्कूटर न काढता पायी किंवा सायकलने जाईल तेव्हा. जाऊन-येऊन चार किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे किलोमीटर होतात. त्यास सुमारे २७ लिटर पेट्रोल लागते आणि एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. म्हणजे अशा एका माणसामागे वर्षाला साठ किलोंच्या आसपास बचत झाली. असे हजार गृहस्थ निघाले तर साठ टन. म्हणून पदपथ बांधून झाला, एवढ्याने हरित काम पुरे झाले असे नव्हे. बांधण्यापूर्वी त्या रस्त्याने किती माणसे पायी जात होती आणि बांधल्यावर किती जातात, ही मोजणी हाच त्या कर्जाचा खरा ताळेबंद आहे.

माप चुकले तर पैसा कसा भलतीकडे जातो, याचे एक जुने उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात वनकुसवडे नावाचे एक उंच पठार आहे. २००० सालच्या सुमारास तेथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली. आमच्या आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीच्याही पवनचक्क्या त्यांत होत्या. पुढे धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल भागातही तसेच झाले. या पवनचक्क्यांमागे वाऱ्याइतकाच जोर प्राप्तिकराच्या एका कलमाचा होता. यंत्र जुने होत जाते म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दरसाल नफ्यातून वजा करू देतात. त्यास घसारा म्हणतात. पवनचक्कीस हा घसारा पहिल्याच वर्षी, आरंभी शंभर व पुढे ऐंशी टक्के मिळत असे. एक कोटीची पवनचक्की घेणाऱ्याचा ऐंशी लाखांचा नफा त्या वर्षी करातून सुटे. कराचा दर शेकडा ३० धरला तर २४ लाख रुपये तत्काळ हाती राहत.

या सवलतीने वाऱ्याची वीज महाराष्ट्रात आणि देशात रुजविली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु तिच्यात एक वैगुण्य होते. सवलत मिळे ती चक्की उभारल्याबद्दल. वीज निर्माण केल्याबद्दल नव्हे. पाती फिरोत वा न फिरोत, कर वाचलेलाच असे. त्यामुळे ज्याला वाऱ्यापेक्षा करबचतीची चिंता अधिक, असाही गुंतवणूकदार या धंद्यात शिरला, आणि उत्तम जागा व उत्तम देखभाल यांची निकड त्यास भासली नाही. २००९ साली सरकारने दुसरी पद्धत आणली: प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे बक्षीस. एक सवलत खांबाला आणि दुसरी त्यातून वाहणाऱ्या विजेला, एवढा हा फरक. २०१२ साली घसाऱ्याची सवलत आणि हे बक्षीस दोन्ही काढून घेतली, तेव्हा देशात वर्षाकाठी उभारल्या जाणाऱ्या पवनचक्क्यांची शक्ती सुमारे ३,२०० मेगावॅटवरून १,७०० मेगावॅटवर घसरली. पुढे या सवलती पुन्हा दिल्या गेल्या, आणि २०१७ पासून घसारा ४० टक्क्यांवर आणला गेला. या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पैशाने स्वच्छ यंत्रे खरोखर उभी राहतात, आणि पैसा आखडला की ती थांबतात, ही पहिली. दुसरी ही की, पैसा ज्या मापाने द्याल तेच माप भरून मिळेल. खांब मोजाल तर खांब मिळतील, वीज मोजाल तर वीज मिळेल.

'हरित' या नावाखाली किती भिन्न वस्तू येतात, हेही पाहण्यासारखे आहे. विजेवर चालणारी स्कूटर घ्या. शंभर किलोमीटरला तिला सुमारे तीन युनिट वीज लागते. आपल्या देशातील वीज बहुतांशी कोळशाची असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू निघतो; म्हणजे शंभर किलोमीटरला दोन किलोंच्या वर थोडा. पेट्रोलच्या स्कूटरीस तेवढ्याच अंतराला पाच किलोंच्या आसपास निघतो. येथे निम्म्याहून अधिक बचत स्पष्ट आहे. आता विजेची बस घ्या. पुणे महानगर परिवहन महामंडळाने २०१९ च्या फेब्रुवारीपासून अशा बसगाड्या रस्त्यावर आणल्या. मोठ्या बसला किलोमीटरमागे एक युनिट किंवा त्याहून थोडी अधिक वीज लागते, म्हणजे ०.७ किलो किंवा अधिक कर्बवायू. डिझेलची बस लिटरला चार किलोमीटर गेली तर तिचाही आकडा जवळपास तोच येतो! मग विजेची बस व्यर्थ काय? मुळीच नव्हे. तिच्यामुळे रस्त्यावरचा काळा धूर आणि गोंगाट नाहीसा होतो; आणि वीज जसजशी कोळशाकडून सूर्याकडे व वाऱ्याकडे वळेल तसतशी ही बस आपोआप स्वच्छ होत जाईल, डिझेलची बस होणार नाही. शिवाय स्कूटर घरी ठेवून माणसे तिच्यात बसली तर फायदा आजच आहे. परंतु आजचा कर्बवायू मोजायचा तर विजेच्या बसइतकेच महत्त्व विजेच्या केंद्राला आहे, हे यावरून कळेल.

तिसरे उदाहरण आमच्या शेजारच्या मोशीचे. तेथे महापालिकेच्या कचऱ्यापासून १४ मेगावॅट वीज करणारे केंद्र उभे असून १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कचरा डोंगरासारखा साचून कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता अडवितो. तो टळला, हा लाभ आहे. उलटपक्षी कचऱ्यातील प्लास्टिक जळले म्हणजे खनिज तेल जाळल्याप्रमाणेच कर्बवायू निघतो. म्हणून केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या हरित रोख्यांच्या नियमावलीत कचरा सरळ जाळण्याच्या कामांस वगळले आहे. एकाच्या यादीत जे हिरवे, ते दुसऱ्याच्या यादीत नाही. चीनमध्येही 'स्वच्छ कोळसा' या नावाने कोळशाची कामे हरित रोख्यांच्या यादीत होती. २०२१ साली ती काढून टाकण्यात आली. तेव्हा नावावर न जाता यादी वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता एका सूक्ष्म मुद्द्याकडे वळतो. कर्बवायू कमी झाला, असे जेव्हा वर्तमानपत्रात येते, तेव्हा कोणता कमी झाला, हे विचारावे. समजा, भोसरीतील एक कारखाना महिन्याला एक हजार सुटे भाग करतो आणि प्रत्येक भागामागे एक किलो कर्बवायू सोडतो. एकूण हजार किलो. त्याने हरित कर्जातून नवी भट्टी आणि नवा कॉम्प्रेसर घेतला, आणि भागामागचे प्रमाण ६४० ग्रॅमवर आणले. ही ३६ टक्क्यांची घट झाली. परंतु खर्च उतरल्यामुळे त्याला मागणी वाढली आणि तो दोन हजार भाग करू लागला. आता एकूण कर्बवायू १,२८० किलो झाला. प्रमाण घटले आणि बेरीज वाढली!

३६ हा आकडा मी मुद्दाम घेतला. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघास २०२४ च्या अखेरीस सादर केलेल्या अहवालाप्रमाणे, २००५ ते २०२० या काळात देशाच्या उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचा कर्बवायू ३६ टक्क्यांनी घटला आहे. एकूण कर्बवायू मात्र वाढलेलाच आहे. यावरून कोणी म्हणेल की, मग हा सारा खटाटोप फुकट गेला. तसे नाही. सुधारणा झाली नसती तर आपल्या उदाहरणातील कारखान्याने २,००० किलो सोडले असते. ज्या देशात दरडोई कर्बवायू वर्षाला सुमारे दोन टन आहे, आणि जेथे अमेरिकेत तो चौदा टनांच्या घरात जातो, त्या दोहोंस एकच मापदंड लावणे न्यायाचे नाही. आपल्याला अजून पुष्कळ घरे, पूल आणि यंत्रे बांधायची आहेत. विकसनशील देशात हरित पैशाचे पहिले फळ प्रमाण घटण्याचे असते. बेरीज घटण्याचे फळ मागाहून येते. परंतु ते आपोआप येत नाही. २०७० सालापर्यंत बेरीज शून्यावर आणू, असे वचन आपल्या देशाने २०२१ साली ग्लासगो येथे दिले आहे. आणि त्या वचनाला उत्तर प्रमाणाने नव्हे, बेरजेनेच द्यावे लागेल.

हा प्रश्न केवळ दिल्लीचा किंवा ग्लासगोचा नाही. त्याची झळ आमच्या आळीपर्यंत आलेली आहे. युरोपीय संघाने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम इत्यादी मालावर सीमेवरील कर्बशुल्काची व्यवस्था आणली. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणे सक्तीचे झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष शुल्काचा काळ सुरू झाला. त्या यादीत पोलादाचे नट, बोल्ट आणि स्क्रूसुद्धा आहेत. इकडे सेबीने देशातील पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल २०२२-२३ पासून बंधनकारक केला. मोठ्या कंपनीला आपला हिशेब द्यायचा म्हणजे ती आपल्या पुरवठादारास विचारणार, आणि तो आपल्या पुरवठादारास. प्रश्नांची ही उतरंड शेवटी पोचते ती पत्र्याच्या शेडमध्ये चार लेथ आणि एक पॉवर प्रेस चालविणाऱ्या, पंधरा-वीस माणसांना रोजगार देणाऱ्या लहान कारखानदारापर्यंत.

आणि नेमका त्याच्यापर्यंतच हरित पैसा पोचत नाही. मोठी कंपनी रोखे काढते, परदेशातून स्वस्त कर्ज आणते, शेकडो एकरांवर सौर वीज घेते. लहान कारखानदाराची शेड बहुधा भाड्याची. छप्पर त्याचे नाही, मग त्यावर सौर संच बसवायचा कोणाच्या नावाने? तारण ठेवायला जागा नाही. जुने यंत्र किती वीज खाते याची मोजणी त्याने कधी केलेली नाही, आणि मोजणी करणाऱ्या तज्ज्ञाची फी हा त्याला खर्च वाटतो. बँकेच्या अधिकाऱ्यालाही दहा लाखांच्या दहा कर्जांपेक्षा एक कोटीचे एक कर्ज सोयीचे. परिणामी ज्या कारखान्यात जुनी मोटार बदलून, हवेची गळती थांबवून, भट्टीला उष्णतारोधक अस्तर लावून थोड्या रुपयांत पुष्कळ बचत होईल, तेथे पैसा जात नाही. आणि ज्याने ते काम आपल्या पैशानेही केलेच असते, त्याच्याकडे तो धावत जातो. मला वाटते, आपल्या देशातील हरित पैशाचा सर्वांत मोठा दोष हा आहे. पैसा थोडा आहे हे खरेच. पण आहे तो उताराकडे न वाहता चढाकडे वाहतो.

यावर इलाज नाही असे नव्हे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२५ च्या जुलैमध्ये लहान व मध्यम उद्योगांसाठी एक योजना सुरू केली. सूक्ष्म व लघुउद्योगांस वीज व इंधन वाचविणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर ५ टक्के, आणि मध्यम उद्योगांस ३ टक्के व्याजसवलत. पण किमान १० टक्के ऊर्जाबचत दाखविली तर. येथे माप खांबाचे नाही, बचतीचे आहे, ही गोष्ट मला फार आशादायक वाटते. मघाच्या हिशेबात पाच टक्क्यांनी काय फरक पडतो, हे आपण पाहिलेच आहे. भोसरी, तळवडे आणि चाकण येथील उद्योजकांच्या संघटनांनी मोजणीचा खर्च एकत्र येऊन वाटून घेतला आणि शंभर लहान अर्ज एका गठ्ठ्याने बँकेपुढे ठेवले, तर या पैशाला उताराची वाट सापडेल.

शेवटी, आपण गृहस्थांनी काय करावे? तीन गोष्टी सुचवितो. पहिली स्वतःच्या छपराची. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले, आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. तीन किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी बारा युनिट देतो. वर्षाचे चार हजारांवर युनिट आणि सुमारे तीन टन कर्बवायूची बचत होते. चार माणसांच्या कुटुंबास ही संख्या लहान नव्हे. मात्र वीज फुकट झाली म्हणून घरात आणखी दोन वातानुकूल यंत्रे बसविली, तर कारखान्याच्या उदाहरणातली बेरीज आपल्याच घरी येईल, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट आपल्या ठेवींची. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून हरित ठेवींची नियमावली लागू केली आहे. अशा ठेवी घेणाऱ्या बँकेने तो पैसा कोठे लावला आणि त्याचा परिणाम काय झाला, हे जाहीर करावयाचे असते. ठेवीदाराने व्याजाचा दर विचारावाच; पण एकदा हा अहवालही मागून पाहावा.

तिसरी गोष्ट नागरिकत्वाची. हरित रोखे काढणाऱ्या संस्थेने पैसा कोणत्या कामावर खर्च केला, किती शिल्लक आहे आणि पर्यावरणावर काय परिणाम झाला, हे दरवर्षी जाहीर करावे, असा सेबीचा नियम आहे. महापालिकेचे २०० कोटी व्याजासह फेडावयाचे आहेत ते आपल्या मिळकतकरातून. त्यामुळे हा अहवाल वाचण्याचा अधिकार जितका शेअरबाजाराचा, तितकाच दिघीच्या, निगडीच्या आणि भोसरीच्या करदात्याचा आहे. त्यात पदपथाची लांबी मीटरांत दिली असेल. ती वाचून थांबू नये. त्यावरून चालणाऱ्या माणसांची संख्या विचारावी.

सारांश असा की, हरित पैशाने कर्बवायू घटतो, पण केवळ पैसा हिरवा म्हणविल्याने तो घटत नाही. व्याज खरोखर उतरले पाहिजे, पैसा गरजूपर्यंत पोचला पाहिजे, आणि त्याची अट उभारलेल्या वस्तूवर नव्हे, तर घटलेल्या धुरावर असली पाहिजे. या तीन गोष्टी झाल्या तर आमच्या या यंत्रनगरीत भोंगाही वाजत राहील आणि आकाशही निवळत जाईल.